टिनाखालचं ऑफिस: दुपारचं काम वाचवायचं तर दुरुस्ती कुठून सुरू करायची

मे महिन्यात दुपारी तीन वाजता टिनाच्या छताखाली रजिस्टर उघडून बसलेल्या कारकुनाचा हात बघा. कोपरापासून मनगटापर्यंत घाम, पानाला हात चिकटतो, उचलला की ओला ठसा राहतो आणि कालची शाई पसरते. डोक्यावर पंखा आहे, पण तो दोनवर. पाचवर केला तर व्हाउचर उडतात. मग आकड्यांची बेरीज दोनदा होते, एक दाखला परत लिहावा लागतो, समोरचा माणूस 'उद्या या' ऐकून परत जातो. हे आळसाने होत नाही. ते छतामुळे होतं, आणि छत दुरुस्त करता येतं.

विदर्भातल्या तालुक्याच्या आणि खेड्याच्या ठिकाणची ग्रामपंचायत, पतसंस्था, सेवा सहकारी सोसायटी, जिनिंगचं किंवा कृषी केंद्राचं ऑफिस, शाळेचं कार्यालय अशा एक-दोन खोल्यांच्या जागा डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे. हिशेबासाठी सगळीकडे एकच खोली धरली आहे: २० बाय ३० फूट, उंची १० फूट. म्हणजे ६०० चौरस फूट आणि ६,००० घनफूट. तुमची खोली वेगळी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

आधी मोजा, मग कोटेशन मागवा

उलट क्रम फार ठिकाणी दिसतो. मार्च एण्डला निधी उरतो, एसीचं बिल लावणं सोपं असतं, म्हणून एसी येतो. खोली गरम का होते ते कोणी पाहिलेलंच नसतं.

मोजायला तीन वस्तू पुरतात. पहिली, तापमान आणि आर्द्रता दाखवणारं साधं डिजिटल मीटर. दुसरी घरी करता येते: टेबल टेनिसच्या ४० मिलिमीटरच्या चेंडूला बारीक भोक पाडा, बाहेरून चमक नसलेला काळा रंग द्या आणि वायरवाल्या थर्मामीटरचं टोक आत मधोमध बसवून भोक बुजवा. तिसरी, कार्बन डायऑक्साइडचं मीटर. ते घेताना 'एनडीआयआर', म्हणजे अवरक्त किरणांनी हा वायू मोजणारा सेन्सर आहे ना हे विचारा. स्वस्तातली बरीच मीटरं हा वायू मोजतच नाहीत, दुसऱ्या वासांवरून अंदाजाने आकडा दाखवतात. आणल्यावर मोकळ्या हवेत झाडाखाली अर्धा तास ठेवा. ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास आकडा आला पाहिजे.

काळा चेंडू कशाला? साधं थर्मामीटर फक्त हवेचं तापमान सांगतं. पण तापलेल्या टिनातून उष्णता सरळ अंगावर येते, चुलीपुढे बसल्यावर येते तशी. काळा चेंडू हवा आणि ही झळ दोन्ही घेतो, म्हणून त्याचा आकडा अंगाला लागणाऱ्या तापमानाच्या बराच जवळ असतो.

बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फुटांवर, डिजिटल मीटर आणि काळा चेंडू दोन्ही टांगा. खिडकीच्या उन्हात नको, कूलरच्या झोतात नको, पंख्याच्या थेट खाली नको. सकाळी १०, दुपारी १, ३ आणि ५ वाजता आकडे लिहा, त्याच वेळी बाहेर सावलीतलं तापमानही. एप्रिल-मेमध्ये दहा दिवस आणि ऑगस्टमध्ये दहा दिवस पुरेत. मग असं वाचा:

- चेंडू हवेपेक्षा २ अंशांनी किंवा जास्त वर असेल, तर दोष छताचा किंवा पश्चिमेच्या भिंतीचा. यंत्र घेऊ नका, आधी छत.
- आतली हवा बाहेरच्या सावलीपेक्षा गरम असेल, तर उष्णता आत कोंडली आहे. वरून बाहेर जायला वाट नाही.
- कार्बन डायऑक्साइड १,००० पीपीएमच्या वर राहत असेल, तर ताजी हवा कमी पडते.
- ऑगस्टमध्ये आर्द्रता सतत ७० टक्क्यांवर असेल, तर गळती, ओल किंवा चुकीच्या वेळी चालणारा कूलर शोधा.

पाचचा आकडा मुद्दाम घ्या. टिन दुपारी दीड-दोनला सर्वांत तापतं आणि ऊन उतरलं की लवकर निवतं. स्लॅबचं तसं नाही. पाच इंची स्लॅबमधून उष्णता खाली यायला तीन-चार तास लागतात, म्हणून त्याची झळ चार ते सहाच्या दरम्यान सर्वांत जास्त लागते. राज्य सरकारच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे आणि वेळ सायंकाळी ६.१५ पर्यंत. म्हणजे स्लॅबची सगळी झळ कामाच्या वेळेतच येते.

काम किती बुडतं ते काढायची रीत

जगभरातल्या २४ अभ्यासांचा एकत्र हिशेब सेप्पानेन, फिस्क आणि लेई यांनी २००६ मध्ये मांडला. ऑफिसचं काम २२ अंशांच्या आसपास सर्वांत चांगलं होतं आणि ३० अंशांना सुमारे ९ टक्क्यांनी घटतं, असं त्यातून दिसलं. पण हा आकडा उचलून आपल्या गावाला लावू नका. ती माणसं बहुतेक थंड देशांतली, बंद इमारतींत बसणारी. इथला माणूस उन्हाळ्याला सरावलेला असतो. भारतातल्या ऑफिसांची पाहणी करून अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळं सूत्र काढलं आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ते घेतलं गेलं. खिडक्या उघड्या ठेवून चालणाऱ्या इमारतीसाठी: गेल्या ३० दिवसांच्या बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणा आणि त्यात १२.८३ मिळवा. मेमध्ये दिवस-रात्रीची सरासरी ३५ धरली तर उत्तर येतं ३१.७ अंश. त्याच्या वर-खाली साधारण अडीच अंशांपर्यंत बहुतेकांना चालतं. म्हणजे पंखा चालू असलेल्या खोलीत काळा चेंडू ३४ च्या आत ठेवता आला तर मोठी लढाई जिंकली. त्यासाठी २४ अंशांची गरज नाही.

हा ३४ चा आकडा लक्षात ठेवा. पुढची सगळी दुरुस्ती तिथे पोहोचण्यासाठी आहे.

कामाचा हिशेब मात्र तुमच्याच ऑफिसचा घ्या. मोजता येईल असं एक काम निवडा: तासाला किती व्हाउचर, किती दाखले, किती नोंदी, आणि त्यात खाडाखोड किती. प्रत्येकाचं १० ते १२ मधलं काम आणि २ ते ४ मधलं काम यांचं गुणोत्तर काढा. माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्याच सकाळशी होते, म्हणून हुशार-मंद हा प्रश्न येत नाही. हेच डिसेंबरमध्येही मोजा. जेवणानंतरची सुस्ती डिसेंबरमध्येही असते. ती मेच्या घटीतून वजा केली की उरते ती उकाड्याची घट. ही वजाबाकी विसरली तर दुरुस्तीकडून नको तितकी अपेक्षा ठेवली जाते. हे आकडे पगारवाढीला किंवा कोणाला दटावायला वापरू नका. एकदा तसं झालं की पुढच्या वर्षी खरे आकडे मिळणार नाहीत.

आता रुपये. समजा दहा माणसं आहेत, सरासरी खर्च महिना २२,००० रुपये, म्हणजे तासाला ११० रुपये. एप्रिल ते मध्य जूनमध्ये कामाचे ६५ दिवस धरले आणि उकाड्याने रोज पाऊण तास वाया गेला, तर ४८७ तास, म्हणजे सुमारे ५३,६०० रुपये दर उन्हाळ्याला. पाच वर्षांत अडीच लाखांच्या वर. संचालक मंडळाच्या किंवा मासिक सभेच्या टेबलावर एसीच्या कोटेशनशेजारी हा कागद ठेवा.

छत: सर्वांत जास्त पैसा इथे लावा

६०० चौरस फूट म्हणजे ५६ चौरस मीटर. बाहेर सावलीत ४४ अंश असताना उन्हाने तापलेल्या जुन्या, मळक्या टिनावर पडणारा एकूण उष्णतेचा भार ७५ अंशांच्या हवेइतका होतो. खाली २८ अंश राखायचे असतील तर उघड्या टिनातून चौरस मीटरला सुमारे २२५ वॅट, एकूण साडेबारा किलोवॅट उष्णता आत येते. एक टन एसी साडेतीन किलोवॅट उष्णता काढतो. म्हणजे साडेतीन टन एसी फक्त टिनाशी भांडण्यात जातो, माणसं आणि कॉम्प्युटर अजून मोजलेच नाहीत. त्याच टिनाखाली ५० मिलिमीटर जाडीचं रॉकवूल (दगडाच्या धाग्यांचा उष्णता अडवणारा थर) घातलं तर हाच भार दीड-पावणेदोन किलोवॅटवर येतो. तीन टनांची बचत. इतका फरक दुसऱ्या कोणत्याही एका दुरुस्तीने पडत नाही.

टिनाचं काम असं करा. पावसात गळणारी भोकं आधी शोधा. भरदुपारी आत अंधार करून वर पाहिलं की उजेडाचे ठिपके दिसतात. टिन पकडून ठेवणारे जे-हुक सैल झाले असतील तर आवळा आणि वॉशर नवे घाला. एप्रिल-मेच्या वादळात टिन उडतात ते इथूनच. वरून धूळ धुऊन, गंज घासून प्राइमर आणि पांढऱ्या परावर्तक रंगाचे दोन हात द्या. मग खाली दोन बाय दोन फुटांच्या जाळीची फॉल्स सीलिंग घाला आणि तिच्यावर रॉकवूलच्या पाट्या अंथरा. वाया जाणारं धरून ५९ चौरस मीटर रॉकवूल आणि १५८ टाइल्स लागतील. रॉकवूल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं घ्या, नाहीतर धागे खाली गळतात आणि अंगाला खाज सुटते.

टिन आणि सीलिंग यांच्यामध्ये किमान ६ ते ९ इंच मोकळी जागा ठेवा आणि तिच्या दोन्ही टोकांना त्रिकोणी भिंतीत जाळी लावलेली भोकं ठेवा. हीच गोष्ट सर्वांत जास्त चुकते. मिस्त्री दोन्ही टोकं 'फिनिशिंग' म्हणून बंद करतो, मधली हवा साठ अंशांना तापते आणि पीओपीची सीलिंग संध्याकाळपर्यंत झळ देत राहते. जाळी मात्र बारीक हवी, नाहीतर वर उंदीर, खारी आणि वटवाघळं राहायला येतात.

रॉकवूलऐवजी थर्माकोल स्वस्त पडतो आणि उष्णता तितकीच अडवतो, पण उघडा थर्माकोल ऑफिसमध्ये घालू नका. शॉर्टसर्किट झालं तर तो धडधडून पेटतो आणि त्याचा धूर जीव घेतो. घालायचाच तर आग रोखणारा दर्जा घ्या आणि खालून जिप्सम किंवा सिमेंट बोर्डाने पूर्ण झाका. सीलिंगवरची सगळी वायरिंग पाइपातून न्या. छताला सिमेंटचे पत्रे असतील तर आणखी एक काळजी: जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. ते कोरडे घासू नका, कापू नका, भोकं पाडू नका. ती धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओलं करून रंग द्या आणि सीलिंग भिंतींवर किंवा स्वतंत्र पाइपांवर टांगा.

स्लॅब असेल तर चुना. हा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि ताजा असताना महागड्या रंगाच्या जवळपास जातो. वरचा हिशेब स्लॅबला लावला तर काळपट स्लॅबपेक्षा पांढऱ्या स्लॅबमधून भरदुपारी सुमारे ३५ ते ४० टक्के कमी उष्णता येते. रीत:

१. आधी गळती बंद करा. नाल्या बुजवून स्लॅबवर इंचभर पाणी दोन दिवस उभं ठेवा, खाली ओल उमटते का बघा. उमटली तर वॉटरप्रूफिंग आधी.

२. शेवाळ आणि काळा थर तारेच्या ब्रशने घासून धुवा.

३. १,००० चौरस फुटांना साधारण २० किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. लोखंडी पिंपात पाणी आधी घ्या, त्यात चुना थोडा थोडा सोडा. तो उकळतो, प्लॅस्टिकची बादली वितळते. डोळ्याला चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

४. २४ तास मुरू द्या, जाड कापडातून गाळा.

५. लिटरला ४ ग्रॅम या हिशेबाने ४०० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून मिसळा.

६. सूर्य उतरल्यावर स्लॅब ओला करून तीन हात द्या, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. भर उन्हात दिलेला चुना धरत नाही, पावडर होऊन उडतो.

नीळ घालू नका. भिंतीला ती छान दिसते, पण छतावर जितकं पांढरं तितकं थंड. चुना घट्ट बसावा म्हणून कोणी मीठ घालायला सांगेल, तर स्लॅबवर तेही नको. मिठाचं पाणी भेगांतून सळ्यांपर्यंत गेलं की गंज लागतो. चुन्याचा हात दर फेब्रुवारीत द्यावा लागतो. गळतीसाठी वरचा कोबा नव्याने करायचाच असेल, तर त्याच खर्चात पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवून घ्या. ते काम वर्षानुवर्षं टिकतं, फक्त मार्चमध्ये धूळ धुवावी लागते.

जुनं ऑफिस कवेलूचं असेल तर ते पाडायची घाई करू नका. कवेलूंच्या फटींतून गरम हवा आपोआप बाहेर जाते आणि माती टिनासारखी तापत नाही. माकडं कवेलू फोडतात, दरवर्षी फेरणी करायला माणूस मिळत नाही, हे खरं. पण त्यावर उपाय म्हणून सरळ टिन घातलं तर खोली आधीपेक्षा गरम होते. बदलायचंच असेल तर टिन आणि त्याखालचं रॉकवूल एकाच अंदाजपत्रकात बसवा. 'सीलिंग पुढच्या वर्षी' असं लिहिलेलं पुढचं वर्ष येत नाही.

खिडक्या आणि पश्चिमेची भिंत

नूतनीकरणात सर्रास होणारं एक नुकसान: दोन पाखांची जुनी लाकडी खिडकी काढून ॲल्युमिनियमची सरकती बसवतात. जुनी पूर्ण उघडत होती, नवी अर्धीच उघडते. हवा निम्मी झाली. त्यात वरचे झरोके विटांनी बुजवले की गरम हवेला जायला वाटच उरत नाही. झरोके मोकळे करा, जाळी लावा. खिडकी बदलायचीच असेल तर बाहेर उघडणारी घ्या.

पश्चिमेच्या भिंतीवर तीन ते सहा ऊन थेट येतं. तिथे व्हरांडा काढता आला तर उत्तम. नाहीतर ७५ टक्के सावलीची हिरवी नेट भिंतीपासून फूट-दीड फूट अंतरावर ताणा. भिंतीला चिकटवली तर नेट तापून भिंतीलाच तापवते. तुऱ्हाट्या-पऱ्हाट्यांचा मांडव खेड्यात फुकटात होतो आणि सावली दाट देतो, पण ऑफिसच्या वायरींजवळ आणि टिनावर तो घालू नका, एक ठिणगी पुरते. नेटच्या पलीकडे कडुनिंब लावून ठेवा. त्याची सावली पाच-सात वर्षांनी मिळेल, तोवर नेट चालेल.

सकाळची थंड हवा फुकट मिळते. मेमध्येही पहाटे साडेपाच ते आठ बाहेरची हवा आतल्यापेक्षा बरीच थंड असते. शिपाई सातला येऊन सगळ्या खिडक्या उघडेल आणि नऊ-साडेनऊला उन्हाच्या बाजूच्या बंद करेल, एवढी व्यवस्था लावा.

पंखे

वाऱ्याचा चांगला झोत अंगाला दोन-तीन अंशांचा दिलासा देतो. जुना पंखा ७०-८० वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास आणि कमी व्होल्टेजलाही बऱ्यापैकी गती राखतो. खेड्यात हा दुसरा गुण जास्त मोलाचा. ६०० चौरस फुटांत चार पंखे लावा, पाती जमिनीपासून ८ फुटांवर, छतापासून फूटभर खाली. आणि कागद उडू नयेत यासाठी टेबलावर खोल ट्रे, क्लिपबोर्ड, जड पेपरवेट द्या. शे-दोनशे रुपयांची ही वस्तू नसते म्हणून पंखा दोनवर राहतो आणि माणूस घामाने भिजतो. हवा ३५-३६ च्या वर गेली की मात्र पंखा गरम हवाच अंगावर आणतो. मग फक्त घाम वाळण्याचा फायदा उरतो, म्हणून हाताशी पाण्याचा माठ हवा. तापलेल्या हवेत पंखा पुरेनासा होतो तिथून कूलरचं काम सुरू होतं.

कूलर: विदर्भाचं खरं यंत्र, पण नियमाने

कोरड्या हवेत कूलरइतकं स्वस्त काही नाही. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या कापडाचं तापमान, म्हणजे पाणी उडून हवा जास्तीत जास्त जितकी थंड होऊ शकते ती हद्द, २२-२३ असतं. ओलं कापड आणि हवा यांच्यातल्या २१ अंशांपैकी गवताची ताटी ७० टक्के खेचते, म्हणजे २९ अंशांची हवा. चांगलं हनीकोंब पॅड ८० टक्क्यांच्या वर खेचतं, म्हणजे २६-२७. ऑगस्टमध्ये ३१ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असताना ओलं कापडच २७ ला असतं. कूलर जेमतेम तीन अंश उतरवतो आणि खोली दमट करतो. पहिला चांगला पाऊस पडला की पंप बंद, फक्त पंखा.

माप असं: घनफुटांना दोनाने भागा, तेवढे सीएफएम (मिनिटाला तितके घनफूट हवा). ६,००० घनफुटांना ३,००० सीएफएम. एका मोठ्यापेक्षा १,५०० चे दोन, दोन वेगळ्या खिडक्यांत. दर १,००० सीएफएमला समोरच्या बाजूला एक ते दोन चौरस फूट उघडी जागा हवी, म्हणजे एकूण ३ ते ६ चौरस फूट. कूलर लावून दारं-खिडक्या बंद करणं ही सर्वांत जुनी चूक. हवा बाहेर गेली नाही तर ओलावा साठतो आणि तासाभरात चिकचिक सुरू होते. कूलर बाहेरूनच हवा घेतो का तेही पाहा. खोलीत ठेवलेला कूलर तीच ओली हवा फिरवत राहतो.

पाण्याचा हिशेब कोणी सांगत नाही. पूर्ण क्षमतेला ३,००० सीएफएम भर उन्हाळ्यात तासाला ३० लिटरच्या वर पाणी उडवतात, दिवसाला २०० ते २५० लिटर. टँकरच्या गावात हा आधी सोडवायचा प्रश्न आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, अकोला-बुलडाणा-अमरावतीच्या भागात, पाणी उडून क्षार मागे राहतात आणि महिन्याभरात पॅडवर पांढरी कपची चढते. तिथे दर तीन-चार दिवसांनी टाकीतलं पाणी पूर्ण ओतून द्या. बाकी ठिकाणीही आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून काठ घासा आणि कोरडी करा. डेंग्यूच्या डासाची अंडी काठाला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

आणि शॉक. लोखंडी कूलर, ओला हात, नसलेलं अर्थिंग, यामुळे विदर्भात उन्हाळ्यात माणसं दगावतात. ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, बॉडीला अर्थिंग करा, पाणी भरताना प्लग काढायचा असा नियम कूलरवरच लिहून ठेवा. कूलर घेण्याआधी हे काम करा.

एसी लावायचा असेल तर

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. तो खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो. पीककर्जाच्या दिवसांत खोलीत १२ कर्मचारी आणि ८ शेतकरी असतील, दारं बंद असतील, तर श्वासातून तासाला सुमारे ३६० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अशा खोलीत तासाभरात आकडा २,००० पीपीएमच्या पुढे जातो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात २,५०० पीपीएमला निर्णय घेण्याची क्षमता ठळकपणे घसरलेली दिसली, १,००० लाही काही प्रमाणात. थंड खोलीत जांभया येतात त्याचं एक कारण हे.

म्हणून माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा धरा. वीस माणसांना तासाला ७२० घनमीटर. एवढी हवा काढेल असा एक्झॉस्ट लावा. तो एसीच्या विरुद्ध कोपऱ्यात, उंचावर, आणि बाहेरची हवा आत यायला जाळीची जागा दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या किंवा सोयाबीन-कापसाच्या धुळीच्या बाजूला नाही. मोजताना समोर बसलेली जनताही मोजा. नुसत्या खुर्च्या मोजून चालत नाही.

तापमान २६ वर ठेवून पंखा सोबत चालवा. दर एक अंश वर ठेवल्याने सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. दीड टनाला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी. व्होल्टेज दुपारी आणि संध्याकाळी मोजा, १७० च्या खाली जात असेल तर स्टॅबिलायझरशिवाय कॉम्प्रेसर टिकणार नाही. महावितरणचा मंजूर भार वाढवावा लागेल का हे खरेदीआधी बघा. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर टिनाच्या पडवीत कोंडू नका.

पावसाळा आणि काळी माती

काळ्या भारी मातीत पाया पावसाळ्यात उचलला जातो आणि उन्हाळ्यात बसतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग पडते, तीतून ओल येते, रजिस्टरला बुरशी आणि उधई लागते, प्रिंटरमध्ये दमट कागद अडकतो. भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहा. वर्षभरात काच तडकली तर भेग जिवंत आहे. पायाभोवती तीन फुटांचा उताराचा फरशी-पट्टा आणि छताच्या पाण्याला दूर नेणारी नाली आधी करा. जिवंत भेगेच्या भिंतीवर पीओपी, टाइल्स किंवा एसीचा खर्च टाकू नका. भेगेत बोट शिरत असेल तर अभियंत्याला दाखवा. तिथे नूतनीकरण की नवी इमारत हा प्रश्न उकाड्याच्या आधी सुटला पाहिजे.

कामाचा क्रम

ऑगस्टमध्ये गळती आणि आर्द्रता टिपून ठेवा. दिवाळीनंतर पाऊस संपला की भेगा, नाली, वॉटरप्रूफिंग. डिसेंबर-जानेवारीत सीलिंग आणि वायरिंग, कारण मिस्त्री मोकळे असतात आणि टिनाखाली काम करणं शक्य असतं. फेब्रुवारीत चुना किंवा रंग, झरोके, नेट, पंखे. मार्चमध्ये कूलर धुऊन अर्थिंग तपासा. एप्रिलमध्ये पुन्हा काळा चेंडू टांगा. एवढ्यावर तीनचा आणि पाचचा आकडा ३४ च्या आत आला तर एसी फक्त सर्व्हरच्या किंवा तिजोरीच्या खोलीला पुरेल. आला नाही तर कोणत्या भिंतीपाशी चेंडू जास्त चढतो ते बघा. खोलीच्या चार कोपऱ्यांत अर्धा-अर्धा तास तो टांगून नवतप्यात (मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत) मोजलं की उरलेली जागा सापडते. बहुतेक वेळा ती न झाकलेली पश्चिम भिंत असते, किंवा मिस्त्रीने बुजवलेली टिनाखालची जाळी.